घरच्या कॉम्प्युटरला 'प्रशासक' कशाला?

सांगलीकर: वडिलांचा जुना कॉम्प्युटर बसला. त्यातली हार्ड डिस्क काढून नव्या लॅपटॉपला जोडली, 'बाबा' नावाचं फोल्डर उघडायला गेलो, तर परवानगी नाही. वडील शेजारीच. "माझंच फोटो, आन् मलाच परवानगी न्हाई? कुणाची घ्यायची?" म्हटलं, ॲडमिनिस्ट्रेटरची, म्हणजे प्रशासकाची. ते चपापलेच. आमच्याकडे प्रशासक येतो तो संचालक मंडळ बरखास्त झाल्यावर, आणि मग ठेवीदार बँकेच्या दारात. घरासाठी दुसरा शब्द सुचवा.

वाटसरू: कारभारी?

अजिंक्यतारा: आमच्या साताऱ्याकडं कारभारी म्हणजे नवरा. 'कारभारी म्हणून लॉग-इन करा' असं बायकोला सांगून बघा! मुखत्यार घ्या. शब्द मूळ अरबी, पण मुखत्यारपत्र घरोघरी माहीत. पेशव्यांचंच बघा ना. कारभार सगळा पुण्यातून, तरी पदाची वस्त्रं साताऱ्याहून आणि शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव. विंडोजमध्ये व्हिस्टा या आवृत्तीपासून तीच तऱ्हा. ॲडमिन असलात तरी रोजचं काम साध्या खात्याच्याच अधिकारात चालतं. नवा प्रोग्रॅम टाकायचा म्हटलं की स्क्रीन अंधारून विचारणा होते. वस्त्रं दर वेळी नवी!

सांगलीकर: मुखत्यार पटला. पण घोडं पुढंच अडलंय. डिस्कवर मालकाचं नाव नसतंच, लांबलचक ओळखक्रमांक असतो. नव्या लॅपटॉपवरही खातं 'बाबा'च केलं, पण क्रमांक वेगळा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या 'सिक्युरिटी'त जाऊन मालकी बदलली, ओनरपुढं बाबा आले, तरी फोल्डर उघडेना.

माजी तलाठी: अहो, सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे वहिवाट मिळाली का? मालकाच्या हाती एवढंच, की कुणाला काय करू द्यायचं ते त्यानं लिहावं. ते लिहायचं राहिलंय. बाबांच्या खात्याला 'फुल कंट्रोल' द्या, आतल्या फाइलींनाही लागू करा. आणि 'परमिशन'ला मी मुभा म्हणेन. परवानगी मागावी लागते, मुभा आधीच दिलेली असते. विंडोजऐवजी लिनक्स प्रणाली असेल, तर तिच्यात ती आकड्यांत मांडतात: वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. ७५५ म्हणजे मालकाला सगळी मुभा, गटाला नि इतरांना वाचण्या-चालवण्यापुरती.

सांगलीकर: उघडलं! पहिलाच फोटो २००५ च्या पुराचा, आयर्विन पुलावरचा. वडिलांनी खुर्ची पुढं ओढली. मुभा हा शब्द त्यांनी लगेच उचललाय: "नातवाला बघायची मुभा ठेव, पुसायची नको."