नृत्यातच पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मुलीचे प्रशिक्षण, शाळा आणि खर्च

प्रश्न : डोंबिवलीतील एक आई

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. लहानपणापासून ती भरतनाट्यम शिकत आहे आणि यापुढे याच क्षेत्रात काम करायचे आहे, असे ती आता ठामपणे सांगते. तिच्या गुरूंनाही तिच्यात ती क्षमता दिसते. पुढील वर्षापासून तिने आठवड्यातून चार दिवस माटुंग्याच्या वर्गात यावे, असे त्यांनी सुचवले आहे. म्हणजे शाळा सुटल्यावर लोकलने जाणे, रात्री उशिरा परतणे, आणि त्यानंतर नववी-दहावीचा अभ्यास.

दुसरी चिंता पैशांची आहे. वर्गातील बहुतेक मुलींची अरंगेत्रमे, म्हणजे रंगमंचावरचे पहिले संपूर्ण एकल सादरीकरण, झाली आहेत किंवा ठरली आहेत, त्यामुळे आमच्याकडूनही तीच अपेक्षा आहे. सभागृह, साथीदार, पोशाख, दागिने, रंगभूषा, चित्रीकरण आणि पाहुण्यांचे जेवण असा हिशेब मांडला तर आमच्या बचतीचा मोठा भाग एका संध्याकाळीच खर्च होईल. यासाठी वैयक्तिक कर्ज घेणे योग्य आहे का? या वयाच्या मुलांसाठी काही शिष्यवृत्ती आहे का? आणि दहावीनंतर नियमित शिक्षण सोडून केवळ नृत्य करावे का?

उत्तर : भरतनाट्यम शिक्षिका, चेंबूर

ताई, अरंगेत्रमसाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा संपूर्ण मार्गम, म्हणजे रचनांचा ठरलेला क्रम, एकटीने सादर करण्याची तयारी झाली आहे, हे गुरूंनी रसिकांसमोर मान्य करणे, एवढाच अरंगेत्रमचा अर्थ आहे. त्यातील मुख्य रचना असलेले एकटे वर्णमच अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालते. त्यात नृत्त (शुद्ध लयबद्ध हालचाली) आणि अभिनय दोन्हींचा कस लागतो, आणि तेराव्या वर्षी पाठ करून केलेला अभिनय जाणकारांना लगेच ओळखू येतो. ज्या मुलीला हेच आयुष्यभर करायचे आहे, तिने हा टप्पा सोळाव्या-सतराव्या वर्षी गाठला तर तिचे काहीही बिघडत नाही.

तोच पैसा दीर्घकाळच्या शिक्षणाला लावावा. कर्नाटक संगीताचे गायन आणि नट्टुवांगम (झांज वाजवत बोल म्हणून नर्तिकेला ताल देणे) यांची शिकवणी आताच सुरू करावी, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण पुढे केवळ कार्यक्रमांच्या मानधनावर घर चालवणाऱ्या नर्तिका फारच थोड्या असतात. बहुतेकजणींचे उत्पन्न शिकवण्यातून, नृत्यरचनेतून आणि इतरांच्या कार्यक्रमांत झांज घेऊन नट्टुवांगम करण्यातून उभे राहते. या बाजूच्या विद्येवर पालक सहसा खर्च करत नाहीत, हे मला फार खटकते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही ती देत नसेल तर द्याव्यात. प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंतची ही पायरी पायरीची रचना शुल्काच्या मानाने परवडणारी आहे. शिवाय मान्यताप्राप्त संस्थांच्या शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आपल्या राज्यात दहावीला वाढीव गुण मिळतात. तो प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून मुख्याध्यापकांशी नववीतच बोलून ठेवावे.

उत्तर : नृत्यातील पदवीधर मुलीचे वडील, ठाणे

शिष्यवृत्तीच्या बाबतीत आपण घाई करावी. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 10 ते 14 या वयोगटातील मुलांसाठी असते. देशभरात दरवर्षी 650 मुले निवडली जातात. एकदा निवड झाली आणि प्रगती समाधानकारक राहिली तर दर दोन वर्षांनी मुदत वाढत ती विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. रक्कम मुंबईच्या खर्चाच्या मानाने लहान आहे, तरीही तेराव्या वर्षी अर्ज राहून गेला तर ही वाट कायमची बंद होते. यानंतरची मोठी संधी 18 ते 25 या वयात येते. सांस्कृतिक मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीत दरमहा 5,000 रुपये दोन वर्षे मिळतात, आणि त्यासाठी गुरूंकडे किमान पाच वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. म्हणून वर्गाच्या शुल्काच्या पावत्या, परीक्षांची प्रमाणपत्रे आणि कार्यक्रमपत्रिका आतापासून एका फाइलमध्ये जपून ठेवाव्यात.

शिक्षण सोडण्याच्या विचाराला माझा विरोध आहे. डॉ. कनक रेळे यांनी 1972 मध्ये मुंबईत स्थापन केलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही नृत्याची पदवी घेता येते. पदवीच्या वाटेवर बारावी लागतेच. विद्यापीठाच्या पदवीसाठी बँकेकडे शैक्षणिक कर्ज मागता येते; खासगी वर्गासाठी आणि अरंगेत्रमसाठी मात्र वैयक्तिक कर्जच घ्यावे लागते आणि त्याचे व्याज जड असते. मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते असेल तर ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

डोंबिवलीतील आई

आपल्या दोघांचे मनापासून आभार. सीसीआरटीच्या अर्जाची चौकशी उद्याच करते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. सराव वाढल्यापासून तिचे गुडघे आणि नडग्या दुखतात. गुरू म्हणतात की सवयीने थांबेल. आणि अरंगेत्रम पुढे ढकलण्याचा विषय त्यांच्यापुढे कसा काढावा?

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, दादर

या वयात हाडे झपाट्याने वाढत असतात, म्हणून दुखणे सवयीवर सोडू नये. अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धे बसण्याच्या मूळ स्थितीत, पाय बाहेरच्या बाजूला वळतात ते खुब्याच्या सांध्यातून वळले पाहिजेत. पावले जबरदस्तीने फाकवून गुडघे आत झुकत असतील तर सगळा ताण गुडघ्यावर येतो. वर्ग कोणत्या जमिनीवर चालतो, तेही पाहावे. लाकडी जमीन थोडा धक्का शोषून घेते. सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर रोज तट्टडवू (जमिनीवर पाय आपटण्याचा मूलभूत सराव) मारल्याने नडगीच्या हाडाला सूक्ष्म इजा होऊ शकते. नडगीवर एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर दुखत असेल किंवा रात्री झोपेतही वेदना होत असतील, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाळी सुरू झालेल्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घेणेही आवश्यक आहे. चार दिवसांचा वर्ग एकदम सुरू न करता आधी तीन दिवसांवर यावे आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा.

उत्तर : भरतनाट्यम शिक्षिका, चेंबूर

गुरूंना एकांतात भेटून आपली आर्थिक मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि मुलीला त्या भेटीत बसवू नये. वर्णमची तयारी सुरूच राहू द्या, वर्षातून एकदा वर्गाच्या सामूहिक कार्यक्रमात एखादी रचना एकटीने करू द्या, अशी विनंती करता येईल. मी स्वतः अशा विनंतीचा राग मानत नाही, कारण पालक खर्चाने थकले की बहुधा वर्गच बंद होतो आणि त्यात आमची शिष्या जाते. पुढे अरंगेत्रम ठरलेच तर दोन शिष्यांनी मिळून एकच सभागृह आणि एकच साथसंगत घ्यावी, पाहुण्यांचे जेवण वगळावे. मात्र साथ प्रत्यक्ष गायक-वादकांचीच ठेवावी, ध्वनिमुद्रित नको.