मदत हवी आहे: पेटी येते, पण पियानोवर डावा हात ऐकत नाही (नेरुळ / ठाणे)

पेटीवाली:

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तरंही नेमकी मिळतील.

मी नेरुळची, चाळिशी कधीच ओलांडलेली. पेटीवर गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात आणि आमच्या भजनी मंडळाची साथ माझ्याकडेच असते. लेक शिकायला बाहेरगावी गेली, तिचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो हॉलमध्ये धूळ खात पडला, म्हणून दिवाळीनंतर मीच त्यावर बसायला लागले. हिंदी गाणी वाजवायची नाहीयेत, ती पेटीवर वाजतात की. मला पाश्चात्त्य क्लासिकल हवंय, नोटेशन वाचून, दोन्ही हातांनी. बाख, मोझार्ट, शोपँ. घरच्यांना हे खूळ वाटतं. वाटू दे.

अडचण डाव्या हाताची. त्याने आजवर फक्त भाता मारलाय. सध्या ते प्रसिद्ध जी मेजरचं मिन्युएट (तीन मात्रांच्या जुन्या नाचाची धून) चालू आहे. उजवा हात चटकन बसला. डावाही एकटा असला की वाजवतो. दोघं एकत्र आले की डावा एकतर उजव्याची नक्कल करतो, नाहीतर जागच्या जागी थिजतो. आणि उजव्याने जोरात वाजवायची वेळ आली की डाव्याला भाता मारायची हुक्की येते. हसू नका.

दुसरं म्हणजे वाचन. जी मेजर म्हटलं की माझ्या कानाला पांढरी पाच हा सा झाला. कागदावर वाचते ‘डी’, कानात वाजतो पंचम. पुढचा तुकडा सी मेजरचा आला की तोच डी ऋषभ होतो आणि डोकं गरगरतं. सगळं सरगममध्ये लिहून घेऊ का?

तिसरं, जिथे शिकायला जाते तिथल्या सरांचा आग्रह आहे की ग्रेडची परीक्षा द्यायचीच. म्हणजे वर्षभर तेच तीन तुकडे घोटायचे. माझ्या आधीचा विद्यार्थी तिसरीत आहे, त्याच्यासाठी वर केलेलं स्टूल खाली घेण्यातच माझा वेळ जातो.

आणि शेवटचं. ठाण्यात ओळखीच्या एका घरी जुना अपराइट (उभ्या तारांचा) पियानो आहे. पैसे नकोत, फक्त घेऊन जा म्हणतात. आणावा का?

घोडबंदरकर:

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यात पैसे अडकलेत. माझ्याकडे अपराइट आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे, तरीही म्हणतो, घाई नको.

वजन दोनशे किलोच्या वर. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावेलच असं नाही आणि जिन्यावरून चढवायला त्यातली माणसं लागतात, साधे टेम्पोवाले नकोत. आत दोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो ताण धरून ठेवणाऱ्या खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते लाकूड सैल झालं असेल, तर ट्यूनर आज सूर लावून जाईल आणि महिन्याभरात परत सगळं उतरेल. त्यावर मोठ्या खर्चाशिवाय इलाज नाही. शिवाय आपल्याकडची हवा. आमच्याकडे खाडी जवळ, जुलैत लाकूड फुगतं आणि मधल्याच दोन-चार पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा सूर लावून घ्यावा लागतोच.

बघायला जाल तेव्हा खालची फळी उघडायला सांगा. वाळवी, तारांवरचा गंज आणि हातोड्यांच्या लोकरी फेल्टला लागलेली कसर, हे तिन्ही टॉर्चने दिसतं. बरोबर ट्यूनर न्या, त्याची फी वाया जात नाही.

तोवर तुमचा डिजिटल उत्तम आहे. पट्टी जड आहे ना? आणि हळू दाबली तर हळू आवाज, जोरात दाबली तर मोठा? मग चिंता नाही. वर हेडफोन लावून रात्री अकरालाही बसता येतं, अपराइटवर शेजारी बेल वाजवतात.

पेटीवाली:

पट्ट्या जड आहेत, पेटीच्या सवयीमुळे पहिले काही दिवस करंगळी दुखली. अपराइटचं काय ते रविवारी बघून ठरवते.

डावखुरा_सीवूड्स:

ताई, तुमचा डावा हात कच्चा नाहीये, त्याला काम काय आहे तेच कळलेलं नाही. तुम्ही त्याला साथीदार समजताय. त्या मिन्युएटमध्ये तो साथीदार नाही, दुसरा गायक आहे.

बघा. उजवा हात पहिल्या चार घरांत (घर म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तीन मात्रा) हे म्हणतो (सा म्हणजे जी):

प सारे गम | प सा सा | ध मप धनी | सां सा सा

आणि डावा? पहिल्या घरात दोन मात्रा सा (त्यावर ग आणि प एकत्र दाबलेले), मग एक मात्रा रे. पुढे प्रत्येक घरात पूर्ण तीन मात्रांचा एकेक सूर: ग, म, ग, रे, सा. म्हणजे खालून एक संथ आरोह-अवरोह चाललाय. तुम्ही हे झोपेत गाल!

तर उजवा वाजवा आणि डावा गा. मोठ्याने. मग उलटं करा, डावा वाजवा आणि उजव्याची सुरावट गा. गळा आणि बोटं वेगवेगळं बोलू लागली की मगच दोन्ही हात एकत्र. घोटायचं तेही दोनच घरं, आणि तिसऱ्याच्या पहिल्या सुरावर थांबायचं. दोन घरांच्या सहा मात्रा म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन, तुमच्या अंगात ते मुरलेलंच असणार. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर ठेवा, लाज वाटेल इतकं हळू.

साथ करणाऱ्या माणसाला हे जमायलाच हवं. तुम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्याचं गाणं कानात ठेवून स्वतःची बोटं चालवली आहेत.

जाता जाता, हे मिन्युएट बाखचं नाही. त्याच्या बायकोच्या, आना माग्दालेनाच्या, १७२५ च्या वहीत ते संगीतकाराच्या नावाशिवाय उतरवलेलं होतं, म्हणून बाखच्या नावावर खपत राहिलं. रचना ड्रेस्डेनच्या क्रिस्तियान पेट्सोल्ट नावाच्या ऑर्गनवादकाची. ही आना माग्दालेना स्वतः गायिका होती.

समेवर_उशिरा:

सरगम लिहून घेऊ नका. कृपया. मी ते केलंय आणि नंतर खोडरबराने पुस्तक फाडलंय.

कानाला सरगम राहू दे, ती काढून टाकायची गरजच नाही. बोटांना मात्र कागदावरून थेट पट्टी सापडली पाहिजे, मध्ये भाषांतर नको. प्रत्येक सूर मोजत बसण्याऐवजी तीन खुणा पाठ करा. दोन ओळींच्या समूहांमधला मधला सी. वरच्या समूहाच्या सुरुवातीला असलेल्या चिन्हाचं वेटोळं ज्या ओळीभोवती फिरतं तो जी. खालच्या समूहाच्या चिन्हाचे दोन ठिपके ज्या ओळीच्या वर-खाली असतात तो एफ. बाकीचं अंतराने वाचा: ओळीवरून लगतच्या रिकाम्या जागेत गेलात की शेजारचा सूर, ओळीवरून पुढच्या ओळीवर गेलात की एक सूर गाळून. नाव न घेताही हात बरोबर पडतो.

आणि कंटाळा आला की गंमत म्हणून बीथोव्हनचं ‘फ्यूर एलिझे’ सरगममध्ये गाऊन बघा. पांढरी सहाचा सा धरा: प म॑ प म॑ प रे म ग॒ सा. दोन्ही मध्यम! १८१० ची रचना, बीथोव्हन गेल्यावर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये छापली गेली. वाजवायला मात्र आत्ता घेऊ नका. पहिला भाग सोपा म्हणून सगळे सुरू करतात आणि मधल्या भागात गाडी बंद पडते.

टिंग्या:

आमच्या पार्किंगमध्ये एक गाडी रिव्हर्स घेताना रोज सकाळी फ्यूर एलिझे वाजवते. तीही पहिल्याच भागात थांबते.

पेटीवाली:

टिंग्या, 😀

डावखुरा, गाऊन बघितलं. पहिल्या दोन घरांत जमलं, ‘ग’ धरला की सोडवत नाही. तिसऱ्या घरात उजव्याला ‘ध मप धनी’ आलं की माझा गळा त्याच्यामागे पळतो आणि खालचा ‘म’ सुटतो. पण डावा थिजत नाही आता, हे खरं. भजनी मंडळातली एक मैत्रीण घरी आली होती, तिला ‘म’ धरायला सांगितलं तर लगेच बसलं. तिला वाटलं मी नवीन अभंगाची चाल बांधतेय.

मुळगावकर_काकू:

परीक्षेचं मी सांगते, मी पन्नाशीत दिली आहे. एबीआरएसएम काय किंवा ट्रिनिटी काय (दोन्ही ग्रेडच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था), वयाची अट नाही आणि पहिलीपासून क्रमाने दिलंच पाहिजे असंही नाही, हव्या त्या ग्रेडला बसता येतं. फक्त एबीआरएसएममध्ये सहावी किंवा त्यापुढची ग्रेड द्यायची तर पाचवीची थिअरी किंवा तिच्या बदल्यात चालणारी परीक्षा आधी लागते. त्यांच्या परफॉर्मन्स ग्रेड्स २०२० पासून आहेत, त्यात घरी रेकॉर्ड करून व्हिडिओ पाठवायचा. परीक्षकासमोर हात थरथरतात त्यांना बरं.

पण तुम्हाला परीक्षा नको असेल तर सरांना तसं स्पष्ट सांगा की. आपण फी भरतो, आपलं वय मोठं आहे, मान ठेवून सांगता येतं: “सर, वर्षाला तीन तुकडे नकोत, मला सोपे वीस हवेत.” मोठ्यांनी अवघड एक घोटण्यापेक्षा सोपं खूप वाचावं, नाहीतर वाचन वाढतच नाही, सगळं पाठांतर होतं. सर नाहीच म्हणाले तर दुसरे सर.

बार्टोकचे ‘मिक्रोकोस्मोस’ बघा. सहा भाग, १५३ तुकडे, पहिले दोन भाग त्याने मुलाला अर्पण केलेत. सुरुवातीला दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, मग हळूहळू एकाच्या मागून दुसरा येतो. नुसतं मेजर-मायनर नाही, कानाला आपल्या थाटांसारखं वाटणारं पुष्कळ सापडेल. त्यानंतर शूमानचा लहान मुलांसाठीचा १८४८ चा संग्रह. शोपँची घाई असेल तर ए मेजरचं प्रील्यूड (छोटी स्वतंत्र रचना) सोळाच घरांचं आहे, पण त्यात एक जागा अशी आहे की लहान हात सगळ्या पट्ट्यांना पुरत नाही, तिथे सूर तोडून वाजवायचे.

ऐकायला मात्र जात जा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे दोन सीझन होतात, फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास. नेरुळहून हार्बरने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. शक्यतो डावीकडच्या खुर्च्या घ्या, तिथून पियानोवादकाचे हात दिसतात.

पेटीवाली:

काकू, “सोपे वीस” हे वाक्य उचलतेय. सरांना या शनिवारी सांगते.

एकच राहिलं. लेकीच्या पियानोला पेडल आहे. ते कधी वापरायचं?

डावखुरा_सीवूड्स:

आत्ता अजिबात नाही. पेट्सोल्टच्या काळातल्या हार्पसिकॉर्डला आणि क्लॅविकॉर्डला (पियानोआधीची पट्ट्यांची वाद्यं) ते पेडलच नव्हतं, मिन्युएटला लागत नाही. पेडल दाबलं की सगळे सूर एकात एक मिसळतात आणि डावा ‘म’ खरंच तीन मात्रा धरतोय की बोट आधीच उचललंय ते कळत नाही. शोपँला जाल तेव्हा वापरा.

पेटीवाली:

बरं. वायर काढून ठेवली. आता तिसरं आणि चौथं घर, आधी गळ्याने.

घोडबंदरकर:

रविवारी ठाण्यात येताय तर सकाळी या, दुपारी घोडबंदर रोड तुंबलेला असतो. आणि टॉर्च विसरू नका.