आयटीआय झाल्या झाल्या पोराला खांबावर चढवायचं का?

कृष्णाकाठ, पलूस:
पुतण्याचा वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड पुरा झाला. एका कंत्राटदारानं लगेच लाइनच्या कामाला बोलावलंय. मी म्हणतो, आधी वर्षभर अप्रेंटिस कर, मग खांब. घरात कुणी ऐकेना. पण बोर्डावर वायरिंग शिकलेलं पोर ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या खांबाखाली नवशिकंच असतं, हे माझं ठाम मत आहे.

डीपीवाला, तासगाव:
काका, नाही पटत. विद्यावेतनात घर चालत नाही. माझा दोस्त अप्रेंटिस म्हणून गेला आणि वर्षभर ऑफिसात कागद लावत बसला. मी कंत्राटदाराकडेच शिकलो. २०१९ च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर नदीकाठचे आडवे पडलेले खांब उभे केले, तारा ओढल्या. त्या दोन महिन्यांत जे हातात बसलं ते वर्गात बसलं नसतं.

जुना लाइनमन, पाटण:
हात बसतो रे, पण आधी सवय बसायला पाहिजे. एकदा भर पावसात एबी स्विच, म्हणजे खांबावरून लाइन तोडायचा स्विच, ओढला. हँडल पूर्ण खाली आलं, पण तीनपैकी एक ब्लेड वर चिकटूनच राहिलं. खालून धुक्यात दिसेना. जोडीदार पाय टाकणार तेवढ्यात मी टेस्टरनं तपासायला लावलं. दोन फेज मेल्या होत्या, तिसरी जिवंत. हँडल खाली आलं म्हणजे लाइन बंद झाली, असं कधीच धरायचं नाही. सबस्टेशनातून परमिट, म्हणजे लाइन बंद केल्याची लेखी परवानगी, घ्यायचं, तपासायचं, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, म्हणजे तारा जमिनीला जोडायच्या. एका बाजूला करून भागत नाही, कारण गावात कुणाचा तरी जनरेटर चालू असतो आणि डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटा करंट वर येतो. चारशे व्होल्टचे अकरा हजार होतात.

हे शिकवणारा माणूस शेजारी उभा पाहिजे. तो अप्रेंटिसला मिळतो का कंत्राटदाराकडे, ते जागेवर जाऊन बघा.

डीपीवाला, तासगाव:
दादा, हे मान्य. आमच्या मुकादमानं मला पहिले तीन महिने वर चढूच दिलं नव्हतं, खाली दोर धरायला लावला. म्हणून तर म्हणतो, कंत्राटदार वाईटच असतो असं नाही. आणि महावितरणात विद्युत सहाय्यक म्हणून लागला तरी पहिली तीन वर्षं मानधनच. २०२३ च्या जाहिरातीत पहिल्या वर्षी १५,००० होते. तोवर पोरानं काय खायचं?

कृष्णाकाठ, पलूस:
खाण्याचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. अप्रेंटिसच्या वर्षात कमी पडेल ते मी घालतो, असं आज भावाला सांगितलं. तरीही कंत्राटदाराकडेच जायचं ठरलं, तर उद्या मी सोबत जाणार. परमिट कुणाच्या नावावर निघतं? गँगला अर्थिंग रॉड किती? बेल्ट आणि हँडग्लोव्ह्ज कुठं ठेवलेत, दाखवा.

जुना लाइनमन, पाटण:
हँडग्लोव्ह्ज हातात घ्या, मनगटाशी पिळून हवा कोंडा आणि कानाशी धरा. बारीक भोक असलं तर हवा सुटताना ऐकू येते.