हेमिंग्रे-४२ वरची काजळी निघत नाहीये

प्रश्न
परवा इंडियानातल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात रेल्वेच्या तारखांबावरचा हेमिंग्रे कंपनीचा ४२ नंबरचा काचेचा इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून बसवतात तो) मिळाला, तीन डॉलरला. हिरवट निळा, खालच्या कडेला बारीक दाणे, आत आटे. पण डोक्यावर काजळी अशी बसलीय की साबणाने तीनदा घासला तरी ढिम्म. बायको म्हणते उकळत्या पाण्यात टाक. टाकू का? शिवाय बंद पडलेल्या रुळांकडेला खांबांवर आणखी आठ-दहा दिसतात. कोणी फिरकत नाही तिकडे. उचलले तर?

उत्तर १
वहिनींना सांगा, उकळतं पाणी फक्त चहाला! जाड काच, एका अंगाने एकदम तापली की तडकते. मी हिवाळ्यात गॅरेजमधला गारठलेला नग गरम नळाखाली धरला होता. टच्‌ असा आवाज, आणि दोन तुकडे. अजून कपाटात ठेवलेत, स्वतःला लाज वाटावी म्हणून.

ही बहुतेक इंजिनाच्या धुराची काजळी. ऑक्झॅलिक ॲसिडची पूड प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाण्यात विरघळवा, दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, मग नायलॉनचा ब्रश. विषारी असतं; हातमोजे आणि चष्मा घाला, स्वयंपाकघरात तर नकोच.

उत्तर २
रूळ बंद म्हणजे खांब बेवारस असं नाही. जागा आणि सामान बहुधा रेल्वे कंपनीचंच असतं. लेखी परवानगी नसेल तर हात लावू नका. ताणलेली तार कापली की चाबकासारखी उसळते, ते वेगळंच. तसंही ४२ नंबर ढिगाने निघालेत, त्यासाठी कशाला जोखीम?

ते दाणे पाणी ठिबकून जावं म्हणून आहेत, त्याचं पेटंट २ मे १८९३ चं. मागच्या बाजूला आकडे आहेत का?

प्रश्नकर्ता
आहेत! १८-४४, पुढे दोन टिंबं. मला वाटलं साच्यातली खोट.

उत्तर २
खोट कसली, जन्मदाखला आहे. १८ हा साच्याचा नंबर, ४४ म्हणजे १९४४. पुढे तोच साचा वापरला की दर वर्षी एक टिंब वाढवायचे. तुमचा १९४६ चा, इंडियानातल्याच मन्सी गावच्या हेमिंग्रे कारखान्यातला.

पुढच्या वेळी गडद जांभळा कोणी महाग विकायला लागला तर जपून. मँगनीजची काच उन्हात खरंच जांभळी होते, पण किरणोत्सर्गाने मुद्दाम रंगवलेलेही फिरतात.

प्रश्नकर्ता
१९४६ म्हणजे आमच्या बाबांचं जन्मसाल. आता बायकोच म्हणतेय, बादली मी आणते.