मदत हवी आहे: एका दाढेसाठी शेजारची चांगली दाढ घासून घेऊ का?

मुगाची_उसळ:

मंडळी, दातांचं प्रकरण आहे. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर "डॉक्टरांना विचारा" एवढंच उत्तर यायचं, आणि दोन डॉक्टरांना विचारूनच ही वेळ आलीय.

वय ५८, राहणार सांगली. खालची उजवी पहिली मोठी दाढ आठ महिन्यांपूर्वी काढली. तिचं रूट कॅनॉल झालं होतं, कॅप मात्र "पुढच्या महिन्यात बघू" करत राहून गेली आणि एक दिवस भाजलेल्या शेंगदाण्यावर दाढ उभी चिरली. (माझीच चूक. त्यावरचं बोलून घरात झालंय.) जखम भरली, दुखणं गेलं, मी विसरले. डावीकडून चावायची सवय लागली.

आता वरची दाढ खाली आलीय. जिभेला कळतं. समोर टेकायला काही उरलं नाही की वरची अशी उतरते आणि मागची पुढे कलते म्हणे.

पहिले डॉक्टर म्हणतात ब्रिज करा. एकमेकींना जोडलेल्या तीन कॅप, टोकाच्या दोन शेजारच्या दाढांवर बसणार, मधली नुसती दिसायला-चावायला. दोन-तीन खेपांत काम, झिर्कोनियाचे २४ हजार. दुसरे म्हणतात इम्प्लांट. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, हाडाने तो धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग कॅप. ३८ हजार.

मागच्या दाढेचं रूट कॅनॉल झालंय, तिला कॅप लागणारच आहे. पण पुढची छोटी दाढ अगदी धडधाकट, साधं फिलिंगसुद्धा नाही. तिला चारी बाजूंनी घासून खुंटी करायची हे मनाला पटत नाही. मग मागच्या एकाच दाढेवर कॅप बसवून मधला दात तिलाच जोडून टाकता येत नाही का? आणि घासलेली दाढ पुढे दुखते का? शुगर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.९.

पाटावरवंटा:

माझा ब्रिज २००९ चा, २०२३ ला काढावा लागला. चौदा वर्षं मजेत चावलं, तक्रार नाही. पण मधल्या दाताखाली मेथीची पानं जाऊन बसतात ती चूळ भरून निघत नाहीत. तिथे साधा फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) वरून घालताच येत नाही, कारण कॅप जोडलेल्या असतात. टोक कडक असलेला सुपरफ्लॉस सुईसारखा बाजूने ओवावा लागतो. मी पहिली पाच वर्षं ओवला, मग आळस.

शेवटी एका टोकाचं सिमेंट सुटलं. त्या दाढेचं रूट कॅनॉल झालेलं, त्यामुळे दुखायचं नाव नाही. नुसता वास यायचा. डॉक्टरांनी ब्रिज बोटाने वर-खाली केला तर कॅपच्या कडेने थुंकीचा बुडबुडा आला. आत अर्धी दाढ किडून भुगा.

खमंग_काकू:

काढघालीची कवळीही असते हो. स्वस्त, घासाघाशी नाही. फक्त लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका. आमच्या सासूबाईंची पत्रावळीबरोबर गेली.

दातखीळ:

मी दंतवैद्य आहे. तोंड न बघता लिहितोय, तेवढं धरून चाला.

ताई, एकाच दाढेवर टांगायचा विचार सोडा. चावण्याचा सगळ्यात मोठा भार पहिल्या दाढेच्या जागी येतो. तो दात एकाच बाजूने धरलेला असला की प्रत्येक घासाला मागच्या दाढेवर तरफेसारखा ताण येणार, आणि तीही रूट कॅनॉलची. ती चिरली तर दोन्ही जागा रिकाम्या.

घासलेली जिवंत दाढ बहुतेकदा ठीक राहते, काहींना पुढे रूट कॅनॉल लागतं. पण गेलेलं इनॅमल परत येत नाही, म्हणून तुमचं अडखळणं योग्यच आहे. एक हिशेब मात्र चुकतोय. ब्रिजमध्ये मागच्या दाढेची कॅप आलीच, इम्प्लांट केलं तर ती वेगळी करावी लागेल. म्हणजे तुलना २४ आणि ३८ ची नाही, २४ आणि साधारण ४६ ची.

मागची दाढ किती कललीय हेही विचारा. जास्त कललेली असेल तर ब्रिज सरळ बसवायला आणखी घासावं लागतं. वरची उतरलेली दाढ दोन्हीत थोडी घासावी लागू शकते. इम्प्लांटआधी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करून हाडाची रुंदी आणि खालच्या नसेपासूनचं अंतर बघतात. ६.९ शुगरला मी अडवणार नाही.

हाड पुरेसं असेल तर मी इम्प्लांट आणि मागे स्वतंत्र कॅप करीन. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का?

मुगाची_उसळ:

आहे! दर सोमवारी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ती. अॅलेंड्रोनेट. चार वर्षं झाली. दोघांनीही विचारलं नाही, आणि फॉर्मवर मी "शुगर" एवढंच लिहिलं. मला वाटलं दातांशी काय संबंध.

दातखीळ:

संबंध जबड्याच्या हाडाशी. या गोळ्यांवर असताना हाडाला हात लावला तर क्वचित जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. गोळ्यांत हा धोका कमी, कॅन्सरसाठी शिरेतून देतात त्या मोठ्या डोसात बराच जास्त. गोळ्या चालू असतानाच तुमची दाढ काढली आणि जखम भरली, ही चांगली खूण. तरी आता पारडं ब्रिजकडे थोडं झुकलं. दोन्ही दंतवैद्यांना गोळीची स्ट्रिप दाखवा, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ते हाडांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पाटावरवंटा:

ब्रिज केलात तर सुपरफ्लॉस ओवायला त्यांच्या समोरच शिका. मला नुसतं पाकीट दिलं होतं.

मुगाची_उसळ:

स्ट्रिपचा फोटो दोघांनाही पाठवला. एकांचा लगेच फोन आला, गुरुवारी बोलावलंय, हाडांच्या डॉक्टरांची फाईल घेऊन या म्हणाले. दुसऱ्यांच्या निळ्या टिका दिसताहेत, उत्तर नाही. गुरुवारनंतर इथेच लिहिते.