ब्रँड विकत घेताना केमिस्टने नेमकं काय तपासायचं?

क्रीमवाली:
आमची कंपनी एक छोटा स्किनकेअर ब्रँड विकत घ्यायच्या विचारात आहे. तपासणीच्या टीममध्ये आर अँड डीतर्फे मला घुसडलंय, बाकी सगळे फायनान्सवाले. त्यांच्या एक्सेलमध्ये माझ्या वाट्याला एकच रकाना: 'फॉर्म्युला ओके / नॉट ओके'. सगळ्यात जास्त खप व्हिटॅमिन सी सीरमचा आहे. लावून बघितलं, छान आहे. पण तेवढ्यावर काय सांगू?

जुना इमल्शनवाला:
आधी विचारा, फॉर्म्युला कोणाचा? छोट्या ब्रँडचा माल बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टवर दुसराच कोणी बनवतो आणि करारात फॉर्म्युला त्याच्याच मालकीचा असू शकतो. मग तुमच्या पदरात पडतं ते नाव आणि लेबल. एका विकणाऱ्याने मला 'गोपनीय आहे' म्हणत घटकांची टक्केवारी दाखवायला टाळाटाळ केली. शेवटी कळलं, त्याच्याकडेही नव्हती!

सीरमचं म्हणाल, तर त्यांनी पाठवलेल्या ताज्या सँपलवर जाऊ नका. वेगवेगळ्या बॅचच्या बाटल्या स्वतः बाजारातून उचला. पांढऱ्या टाइलवर एकेक थेंब शेजारी शेजारी टाका. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीच) ऑक्सिडाइझ झालं की पिवळं पडतं, पुढे तपकिरी. नुसत्या डोळ्यांना दिसतं. मग पीएच बघा. ३.५ च्या वर असेल तर ते त्वचेत धड शिरत नाही. लेबलवरची टक्केवारी खरंच उरली आहे का, ते एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं लॅबचं यंत्र) कळेल.

स्टॅबिलिटीचे (माल किती दिवस टिकतो त्याचे) कच्चे आकडे मागा, 'पास' लिहिलेलं एक पान नको. चॅलेंज टेस्टही (आयएसओ ११९३०), म्हणजे प्रिझर्वेटिव्ह काम करतं का याची चाचणी. त्यात जिवाणू, यीस्ट, बुरशी मुद्दाम सोडून त्यातले किती उरतात ते २८ दिवस मोजतात. 'प्रिझर्वेटिव्ह-फ्री' म्हणून मिरवणाऱ्यांची ही फाइल मी सगळ्यात आधी उघडतो.

लेबलताई:
दावेही तपासा. 'क्लिनिकली प्रूव्हन'च्या मागे अनेकदा कच्चा माल विकणाऱ्याचाच अभ्यास असतो, तोही घटक ३ टक्के घालून, आणि बाटलीत तो ०.५ टक्के! युरोपात विकत असतील तर रेटिनॉल (व्हिटॅमिन ए) बघा: २०२४ च्या नियमानुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये कमाल ०.३ टक्के. लिलियल हा सुगंधी घटक तर २०२२ पासून बंदच आहे. फॉर्म्युला बदलावा लागणार असेल तर तो खर्च किमतीतून वळता करायला सांगा. फायनान्सवाल्यांना ही भाषा लगेच कळते.

क्रीमवाली:
मालकीचं विचारलं. उत्तर आलं, 'वकिलांशी बोलून कळवतो'. फॉर्म्युला मिळालाच तर आमच्या प्लांटमध्ये बनेल ना?

जुना इमल्शनवाला:
सीरम बनेल, क्रीमचा भरवसा नाही. २०० किलोच्या भांड्यातलं इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) दोन टनांच्या भांड्यात नेलं की शिअर (घुसळण्याचा जोर) बदलतो, थंड व्हायचा वेग बदलतो, थेंबांचा आकार बदलतो. तेच घटक, पण क्रीम पातळ. हस्तांतराच्या काळात त्यांच्या प्रॉडक्शनचा माणूस तुमच्या प्लांटमध्ये उभा राहील, असं करारातच घालून घ्या.