अनुभव धागा: टीम सांभाळताना माया, भरवसा आणि हिशोब

धागाकर्ता
आपल्या सोलापुरात चादरीच्या कारखान्यात, युनिफॉर्मच्या युनिटात, दवाखान्यात, ऑफिसात कुणी ना कुणी चार-दहा माणसं सांभाळत असतंच, पण ते कसं करायचं हे शिकवत कुणी नाही. काल कामावर होता, आज सुपरवायझर, झालं. माणसाची अडचण पण बघितली आणि काम पण सुटलं नाही, असं तुमच्याकडं कसं जमलं ते लिहा. नाही जमलं ते पण लिहा. कंपनीचं नाव नको. सेमिनारमधलं ज्ञान तर अजिबात नको.

जॉबर, अक्कलकोट रोड
मी जेकार्डवर जॉबर, म्हणजे चादरीत डिझाइन विणणाऱ्या मागांची दुरुस्ती-देखभाल बघणारा. जेकार्डची एक दोरी तुटली की चादरीच्या डिझाइनमध्ये उभी रेघ पडायला लागते आणि कुणी बघितलं नाही तर पुढच्या प्रत्येक चादरीत तीच रेघ. आमच्याकडं डॅमेजचे पैसे विणकराच्या पगारातनं कापायचे, त्यामुळं व्हायचं काय, रेघ दिसली तरी माणूस गप, मग घडीच्या टेबलावर बायका उलगडून बघतात तेव्हा कळायचं, तोवर ढीग पडलेला. मालकांना म्हटलं काही दिवस कापू नका, बघू तर. नियम एकच, रेघ दिसली की लूम बंद करून मला हाक मारायची, मारली तर कपात नाही, माहीत असून चालवलं तर मात्र त्याच्या नावावर. सुरुवातीला डॅमेज उलट वाढल्यासारखंच वाटलं, मालक माझ्यावरच तापले. पण ढीग पडायचा थांबला. दोघांच्या नावावर लागलं, त्यात एक माझा मेहुणा, घरी काय झालं असेल ते समजून घ्या.

इन्चार्ज सिस्टर
जॉबरदादा, ते "वाढल्यासारखं वाटणं" आमच्या फिल्डमध्ये अभ्यासलेलं आहे. एमी एडमंडसन म्हणून अमेरिकेतल्या संशोधक आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या, वाटलं होतं चांगल्या टीमच्या औषधांच्या चुका कमी निघतील, तर निघाल्या जास्त. कारण त्या टीममधली माणसं चुका उघड बोलत होती, बाकीकडं दाबल्या जात होत्या. (धागाकर्ते, एवढं ज्ञान चालवून घ्या.)
माझं म्हणाल तर गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळची ड्युटी लिस्ट. अक्षता सोहळ्याला सगळ्यांनाच सुट्टी पाहिजे असते. आता मागच्या वर्षी कोण थांबलं होतं ते लिस्टच्या शेजारीच चिकटवते. भांडणं अजून होतात, पण तोंडावर होतात.

कडक भाकरी
युनिफॉर्मचं युनिट, बहुतेक बायका, पूर्व भागातल्या. सोलापुरात पाणी रोज कुठं येतंय, चार-पाच दिवसांनी येतंय, ते पण कधी पहाटे कधी भर दुपारी, आणि पाणी आलं की बाई घर सोडू शकत नाही हे ज्याला कळत नाही त्यानं इथं सुपरवायझर होऊच नये. पण दुसरी बाजू ऐका, लाइनमध्ये कॉलरवाली आली नाही की पुढच्या सगळ्या बसून, आणि पीस रेट आहे म्हणजे त्यांचा रोज बुडतो, म्हणजे एकीवर मी दया करणार आणि पैसे जाणार बाकीच्यांच्या पदरातनं. मग कॅलेंडरवर कुणाच्या भागात कधी पाणी ते लिहायला लागलो आणि प्रत्येक कामाला दुसरी एक बाई शिकवून ठेवली, कॉलर, कफ, काज-बटण सगळ्याला. शिकवताना पीस कमी निघतात, तेवढे दिवस रोजावर पैसे दिले, नाहीतर कोण शिकणार? आता जिच्याकडं पाणी तिनं आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचं आणि आपल्या जागी कोण बसणार ते पण तिनंच ठरवायचं. न सांगता दांडी मारली तर पुढच्या वेळी सवलत नाही. सगळ्यात जुनी एक अक्का आहे, जिनं मला मशीनवर बसायला शिकवलं, तिला पण एकदा नाही म्हणावं लागलं. शाळा उघडायच्या आधीची गर्दी, वर पत्रा तापलेला, आणि अक्का माझ्याशी एक शब्द बोलेना. लई अवघड गेलं. पण दुसऱ्या दिवसापासनं बाकीच्या बायका मी न सांगताच ग्रुपवर टाकायला लागल्या.

उचलवाला
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमचा आधीचा मालक लई प्रेमळ. बहिणीच्या लग्नाला उचल, आईच्या ऑपरेशनला उचल, चिठ्ठी नाही चपाटी नाही, "अरे तू घरचा माणूस". दुसरीकडं रेट जास्त मिळाला म्हणून जातो म्हटलं तर फिटलेली उचल पण फिटली नाही म्हणायला लागला, आणि माझ्याकडं लिहिलेलं काय? काही नाही. असली माया नको बे. वही ठेवा, दोघांच्या सह्या घ्या, दर पगाराला किती कापले ते दाखवा, मग काय प्रेम करायचं ते करा.

पगारपत्रक
जॉबर, एक विचारायचं होतं. नुकसानीचे पैसे कापायच्या आधी कामगाराला त्याची बाजू मांडायची संधी द्यावी लागते, 1936 च्या वेतन कायद्यात पण होतं, 2019 च्या वेतन संहितेत पण आहे. मेहुण्याला विचारलं होतं का?

जॉबर, अक्कलकोट रोड
विचारलं की. लाइट गेल्ती, परत आल्यावर दोरी तुटली असंल म्हणाला. मग त्याच्यासमोरच चादरी उलगडल्या, लाइट जायच्या आधीच्यात पण रेघ होती. नंतर काही बोलला नाही.
उचलवाले, वहीचं पटलं. आमच्याकडं पण उचल तोंडीच चालते. या पगाराला मालकांकडं विषय काढतो, तापले तर तापले.